हिरव्या सोडून

तुरुंगातल्या बायकांवर संशोधन करणाऱ्या मॅडम स्वतः बांगड्या घालत नाहीत. पण आत काचेच्या बांगड्या काढून घेतात, म्हणून सुटलेल्या बाईला मॅडम आधी माझ्या बांगड्यांच्या दुकानात आणतात. जात, गुन्हा इथं काढत नाहीत. एवढंच विचारतात, "भेटायला कोण यायचं?" उत्तर ठरलेलं असतं, तरी विचारतात.

परवाची बाई तिसगावकडची, ऊसतोडीला जाणारी. म्हणाली, "कोन न्हाई. नवरा आत हुता तवा मी भाकरी घिऊन जायची."

मी सवयीनं हिरव्या बांगड्या काढल्या.

"आधी त्यांना विचारा," मॅडम म्हणाल्या.

मी रंग विचारला. तिनं दुकानभर नजर फिरवली, मग हात पुढं केला.

"हिरव्या सोडून कुठल्याबी भरा."