लाट विरते ती जागा

माझी पीएच.डी. संपत आली होती, तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांना अर्धांगवायूचा झटका आला. ते धुळ्याला देवपुरात राहायचे, मी जळगावला विद्यापीठाच्या वसतिगृहात.

अणूंच्या एकाच थराइतक्या पातळ पदार्थात इलेक्ट्रॉन काय करतात, हा आमचा विषय. एकाला ढकललं की बाकीच्यांना हलावंच लागतं, आणि सगळ्यांची मिळून एक लाट उठते. अणू जड असले की आणखी एक भानगड होते. इलेक्ट्रॉनची फिरकी, म्हणजे स्पिन, त्याच्या धावण्याच्या दिशेला बांधली जाते आणि त्यांचे दोन गट पडतात. मग काही ठिकाणी लाटेची ऊर्जा एका गटातले इलेक्ट्रॉन उचलून दुसऱ्यात टाकण्यात खर्च होते आणि लाट तिथेच विरते. आमच्या पदार्थात ती त्यातूनही तगेल, असं सरांना वाटायचं. कितीतरी वर्षं त्यांनी या एका आशेवर काढली होती.

झटक्यानंतर काही महिन्यांनी माझ्या गणिताचं उत्तर आलं. लाट विरत होती. गणित पुन्हा केलं, आकडे बदलून पाहिले. विरतच होती.

मी आलेख घेऊन धुळ्याची बस धरली. दार काकूंनी, सरांच्या पत्नीने, उघडलं. हळू आवाजात म्हणाल्या, "बोल त्यांच्याशी. कळतं त्यांना सगळं. फक्त डोक्यात राहत नाही."

सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा.

"लाट?" त्यांनी विचारलं.

मी आलेख समोर धरला. "विरते, सर. सगळीकडे नाही. पण आपल्याला हवी होती तिथे विरते."

त्यांनी डावं बोट रेषेवरून नेलं आणि ती पसरट होते तिथे थांबवलं. डोळे भरून आले.

"प... पक्कं?"

"पक्कं, सर."

"छान. लिही." एवढं बोलायलाही त्यांना फार कष्ट पडले.

काकूंनी चहा आणला. तो संपायच्या आत सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी आत्ताच आल्यासारखं. "लाट?"

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच बोट, तेच डोळे.

मी कप ठेवायला आत गेले तर काकू ओट्याशी पाठ करून उभ्या. "अगं, टिकते म्हणून सांग ना. त्यांच्या काय लक्षात राहणारे?"

तसंच सांगायचं ठरवून बाहेर आले. त्यांनी विचारलंही. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की तोंडातून खोटं निघेना आणि खरंही निघेना.

"उत्तर अजून काढतेय, सर," मी म्हणाले.

"लवकर," ते म्हणाले, पूर्वीसारखेच जरा रागावून.

त्या रविवारी भडगावहून आईचा फोन आला. "तुन्हा सर आते कसा शेतस?"

"बरे आहेत," म्हटलं आणि विषय बदलला.

दिवाळीआधी सर गेले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, काम नीटनेटकं आहे, उत्तर मात्र अपेक्षितच होतं. मी आभार मानले. नंतर सगळ्यांना समोसे दिले.

आता मी पाचोऱ्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. नवं काही गणित हाती घेतलेलं नाही. काकू धुळ्याचं घर बंद करून नाशिकला मुलीकडे गेल्या. सुरुवातीला आमचे फोन व्हायचे, हल्ली होत नाहीत.