हवालदारांचा डावा सॅल्यूट

माझ्या वडिलांनी सतरा वर्षं फौजेत उजव्या हातानं सॅल्यूट ठोकला. तो डाव्या हातावर मी आणला.

उंब्रजजवळच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सांगलीला चित्रकलेच्या कॉलेजात एचिंग शिकलो. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र कोरायचं आणि पत्रा आम्लात सोडायचा. सुईनं उघडं पाडलेलं तेवढंच आम्ल खातं. त्या रेघांत शाई भरून ओला कागद दाबायचा. मी सॅल्यूट ठोकणारे वडील कोरले आणि पहिला कागद उचलला. वडिलांच्या मिशीचा केस न केस उमटला होता! आणि एकाच पत्र्यातून हव्या तेवढ्या प्रती. रंगवलेलं चित्र एकाच भिंतीवर जातं, हे घरोघरी जाणार. वडिलांच्या फौजी मित्रांसाठी मी पंचवीस काढल्या.

माजी सैनिकांच्या मेळाव्यात त्या वाटल्या. मंडप गप्प झाला. (मला वाटलं, भारावले.) मग वडिलांचे जुने सोबती तात्या म्हणाले, "हवालदार, ह्यो डाव्या हातानं सॅल्यूट कवापासनं?"

पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

ज्या माणसाची टोपी कधी तिरकी झाली नाही, त्याची इज्जत मी पंचवीस घरांत घालवली होती. वडिलांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. मिशीवरून हळूच बोट फिरवलं.

"हात ऱ्हाऊ दे तात्या. मिशी बघ."

"मिशी लय झ्याक हाय. पर आपल्या सायबानं बघितलं आसतं, तर तुला पाठीवर पिट्टू चढवून मैदानभर पळवलं आसतं."

घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "दुसरं काढ. आन खाली माझं नाव घाल. कुणी इचारायला नको."

या वेळी आरसा समोर ठेवूनच काढलं. पत्र्यावर हात उलटा, पदकं उलटी. शेवटी वडिलांचं नाव, माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात, शाळेत शिकवलं तसं डावीकडून उजवीकडे. छापताना प्रत्येक प्रतीवर हात तपासला. पंचवीस वेळा फक्त हातच तपासला!

परवा तात्यांकडे गेलो, तर ते चित्रासमोर दाढीचा आरसा धरून उभे.

"नाव वाचाय आरसा लागतोय रं," ते म्हणाले. "पर आरसा धरला की हवालदाराचा हात पुन्यांदा डावा हुतोय. नेमका पास कशात झालास तू?"

एचिंगमध्ये वर्गात पहिला आलो होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.