न मारलेली हाक

हे कुणाला दाखवायचं नाही, तरीसुद्धा आमच्या ह्यांचं नाव लिहायला हात वळत नाही. जिथे ते येईल तिथे मी रेघ ओढणार आहे. मी चौथीपर्यंतच शिकले, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे शाळेत जायच्या आधीच पाठ झालं होतं.

सत्तर सालाच्या आसपास अंधेरीला, मरोळच्या बाजूला, खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात मी टेंपरवारी लागले. पट्ट्यावरून भरलेल्या बाटल्या सरकत यायच्या. एखाद्या बाटलीचं झाकण तिरपं बसलेलं दिसलं, की जागेवरूनच सुपरवायझरला हाक मारायची. मग तो पट्टा थांबवायचा. काम एवढंच. अडचणही एवढीच. सुपरवायझरचं आणि ह्यांचं नाव एकच होतं.

बाकीच्या बायका त्याच्या नावाला भाऊ लावून खुशाल ओरडायच्या. माझ्या तोंडून भाऊच्या आधीचं काही निघायचं नाही. नुसतं "भाऊ" म्हणावं, तर खोकी उचलणारे सगळे पुरुष वळून बघायचे. "साहेब" म्हटलेलं त्याला चालत नसे, केबिनमधले साहेब त्यावरून त्याला एकदा बोलले होते. शेवटी एक दिवस मनाचा हिय्या करून मी "अहो" म्हटलं. मशीनच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. पट्ट्यावरच्या माझ्या शेजारणीला मात्र गेलं. ही मरोळ गावठाणातली ख्रिस्ती बाई, आवाज देवळाच्या घंटेसारखा.

"अहो? अगो, घरचा एक अहो पुरत नाय काय तुला?"

सगळ्या जणी हसल्या. त्या दिवसापासून मी हाक मारणंच सोडलं. तिरपं झाकण दिसलं की उठायचं, पदर सावरायचा, त्याच्या टेबलापाशी जायचं आणि घसा खाकरायचा. तोवर ती बाटली खोक्यात पडून सांडलेली असायची. पुठ्ठा चिकट, मुंग्या खूश.

"बाई, तोंड नाही का तुम्हाला?" तो वैतागायचा. मी आणखी खाली बघायची. त्याला वाटायचं, बाई शिष्ट आहे. मला वाटायचं, एवढी साधी गोष्ट याला कळत कशी नाही?

मग कायम करायची वेळ आली. ह्यांचं काम तेव्हा सुटलं होतं, त्यामुळे माझी नोकरी टिकायलाच हवी होती. केबिनमध्ये गुजराती साहेब बसलेले आणि बाजूला सुपरवायझर उभा.

"हात चांगला आहे हिचा," तो म्हणाला, "पण हाकच मारत नाही. मला बोलणारी बाई द्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "कशाला हाक नाय मारत, बाई? भांडण हाय?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मग नाव ठाऊक नाय याचं?"

ठाऊक नाही म्हणावं तर खोटं, ठाऊक आहे म्हणावं तर पुढे "बोला" आलंच. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिले. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि पुढच्या बाईला बोलवायला घंटीकडे हात नेला. पुढची बाई म्हणजे माझी शेजारीण. ती दाराच्या फटीला कान लावूनच उभी होती. ह्यांचं नाव तिनं माझ्या डब्यावर कोरलेलं वाचलं होतं.

"अगो, नाव घे ना! हळदीकुंकवाला घेतेस तसं घे, नायतर बस घरी!"

उखाण्यात घेतलेलं नाव चालतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी डोळे मिटले आणि सुटले:

"बाटलीत भरलं औषध, वर बसवलं झाकण,
——रावांचं नाव घेते, नोकरी माझी राखा पण!"

डोळे उघडले तर सुपरवायझर कानापर्यंत लाल झालेला. "अहो बाई, माझं नाव कशाला घेताय?"

"तुमचं नाही," मी म्हटलं. "ह्यांचं."

साहेबांना कळायला जरा वेळ लागला. मग ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे, माझी बा पण तशीच! डॉक्टरनं बापूजींचं नाव विचारलं, तर मला पुढे ढकलायची. कायम कर बाईला. आणि तू तुला दुसरा काय नाव ठेव."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच पट्ट्यापाशी आला. "मग मला म्हणणार काय तुम्ही?" काका म्हणावं तर बिचाऱ्याचं लग्न व्हायचं होतं. बायकांनी पुष्कळ खल करून त्याला मास्तर ठरवलं. त्याला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही, पण तो हो म्हणाला.

थोड्याच वेळात एक झाकण तिरपं आलं. मी तोंड उघडलं.

"मास्तर!"

हा आवाज माझाच, हे मला आधी पटेना. पट्टा थांबला, खोकी उचलणारे थांबले, साहेब केबिनच्या दारात आले आणि मास्तर धावत आला. त्याला वाटलं, कुणाचा हात मशीनमध्ये गेला. मी बाटलीकडे बोट दाखवलं.

"बाई, एका झाकणासाठी एवढी हाक?"

मी काही बोलायच्या आत शेजारीण म्हणाली, "तुंबलेली होती रे मास्तर, सगळी एकदम आली!"