आतोबा आणि मंदाचे गुडघे

स्वतःला न समजलेली गोष्ट दुसऱ्याला इतक्या मनापासून समजावून सांगणारा माणूस आमच्या आतोबांखेरीज सगळ्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. सोनपेठला त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि लुगडं घ्यायला आलेली बाई निदान ग्रहण कसं लागतं एवढं ऐकल्याशिवाय पायरी उतरत नसे.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. त्यांची नात मंदा दुसरीत होती, आणि तिचे गुडघे सुजू लागले. सकाळी तिला अंथरुणावरून उठवत नसे. एस.टी. आज चालू, उद्या बंद. दोनदा स्टँडवरून परत फिरून आतोबांनी तिला अखेर औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, की हा लहान मुलांचा संधिवात आहे. शरीरात जंतूंचे मेलेले तुकडे राहतात, अंगातले शिपाई त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्या भरात आपल्याच सांध्यांना शत्रू समजतात, असा एक अंदाज आहे. नक्की आम्हालाही माहीत नाही. यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं आतोबांनी सोनपेठला आणलं.

बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी जमवून ते सांगू लागले, "समजा, चोर मेला. त्याची टोपी अंगणात पडली. तसलीच टोपी आपल्या खुंटीवर हाय. पोलीस ती बघून आपल्यालाच झोडपायलेत." एका शेतकऱ्यानं शांतपणे विचारलं, मग आपली टोपी काढून का ठेवत न्हाईत? आतोबा कापड मोजायच्या गजानं पाठ खाजवू लागले. त्या दिवशी त्यांनी मांजरपाट दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा चुकलं.

मग त्यांनी जंतूंविरुद्ध मोहीम काढली. पाणी उकळलं, ताटं उकळली, माझ्या आत्यानं हिसकावून घेतली नसती तर मंदाची शाळेची पाटीसुद्धा उकळली असती. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, की पोटातले पुष्कळ जंतू आपल्या उपयोगाचे असतात. तेव्हापासून आतोबा दह्याच्या वाटीकडे संशयानं बघत, आणि मग एका दमात ती संपवत.

औषध, व्यायाम आणि रोज सकाळी गरम पाण्याचा शेक एवढं मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. एकदा शेक घेता घेता मंदानं विचारलं, "आबा, माझंच अंग माझ्यावर का रागावलंय?"

मी शेजारीच होतो. आता टोपी निघणार असं मला वाटलं. आतोबांनी फडकं पिळलं, तिच्या गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "मला न्हाई कळत, बाई."

काही वर्षांनी दुखणं ओसरलं. का आलं होतं आणि का गेलं, हे कुणालाच सांगता आलं नाही. मंदाच्या लग्नात मंगलाष्टकं लांबतच चालली होती. सगळे अक्षता टाकत होते. आतोबा खाली मान घालून तिच्या पायांकडे बघत होते, अक्षता मुठीत तशाच. वाजंत्री सुरू झाली तरी त्यांची मूठ उघडेना, म्हणून मी खांद्याला हात लावला.

ते हळूच म्हणाले, "लय वेळ उभी ऱ्हायली रे पोरगी."