जावईबापूंना कुणी पाडेना

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणारा माणूस निदान जिल्ह्याबाहेर तरी गेलेला असावा, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. मी अंबाजोगाईहून पालीला गेलो, आठ दिवस राहिलो आणि परत आलो. दोन्ही गावं बीड जिल्ह्यातच आहेत. वाटेत समुद्र, बर्फ किंवा विमान यांपैकी काहीही दिसलं नाही. शिवाय लिहिण्याचा मला सराव नाही. आमच्या घरात माझ्याआधी लिहिला गेलेला सगळ्यात मोठा मजकूर म्हणजे वडिलांची सही. तरी मी ज्यांच्याकडे गेलो ते गृहस्थ घाना देशाचे, म्हणजे आफ्रिकेच्या पार पश्चिमेचे. त्यामुळे प्रवास थोडाफार परदेशाचा झाला, असं मी मनाशी धरून चाललो आहे.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इंग्रजी. आमचं गाव वडवणी तालुक्यात. गावातून इंग्रजी घेणारा मी पहिलाच, म्हणून मला इंग्रजी येतं असं सगळ्या गावाचं मत आहे. वर्गात तसं कुणाचंही मत नाही. ऑगस्टमध्ये आमच्या सरांनी वंदनाताईंची गाठ घालून दिली. ताई नर्स आहेत आणि ट्रेनिंगसाठी आठ दिवस अंबाजोगाईला आल्या होत्या. त्यांचे पती क्वेसी शेतकी शिकायला मराठवाड्यात आले, तापाने आजारी पडले, ताईंच्या वॉर्डात राहिले, आणि पुढे लग्न करून ताईंच्या माहेरीच स्थायिक झाले. पालीपासून आत तीन किलोमीटरवर ते गाव आहे.

"मी इथं असेपर्यंत त्यांच्याजवळ राहशील का?" ताईंनी विचारलं.

"दुभाषा म्हणून का?"

"तसंच काहीतरी," ताई म्हणाल्या.

मी लगेच हो म्हणालो. घानाच्या माणसाशी इंग्रजीत बोलायचं, म्हणून स्वागताची चार वाक्यं वहीत लिहिली आणि केजपासून एसटीत ती घोकत बसलो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना तिसरं वाक्य पाठ झालं. चौथं पाठ होईपर्यंत पाली मागे गेली होती. कंडक्टर म्हणाला, "पाली पाली म्हणून दोनदा वरडलो की! तू डोळे मिटून काय पुटपुटत होतास?" बीडच्या स्टँडवर उतरून मी दुसरी गाडी धरली आणि उलटा आलो.

पालीच्या फाट्यावर मोटरसायकलला टेकून एक उंच माणूस उभा होता. डोक्यावर पोत्याची खोळ, पायात गमबूट. मी वही छातीशी धरली आणि चारही वाक्यं एका दमात म्हटली. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतली.

"मस्त बोलतो," ते म्हणाले. "पण इतका उशीर कावून (का म्हणून) केला बे? दोन तास झाले उभा हाय. बस, पाऊस येतोय."

माझं दुभाष्याचं काम तिथेच संपलं.

संध्याकाळी मी ताईंना फोन लावला. "ताई, दाजींना मराठी येतं!" ताईंना ताई म्हटल्यावर ते आपोआप दाजी झाले होते.

"येतं की," ताई म्हणाल्या. "भाषा कळते रे त्यांना. पण खरं काय ते कळत न्हाई. सांगतच न्हाई कुणी."

मग त्यांनी मला बोलावण्याचं खरं कारण सांगितलं. दाजींनी गेल्या वर्षी धरणाकडच्या काळ्या रानात अर्धा एकर साबुदाण्याचा कंद लावला होता. घानाला हा कंद रोजच्या जेवणात असतो. काळ्या रानात पाणी साचतं. कंद कुजले. काढणीच्या वेळी दाजी आईच्या आजारपणासाठी घानाला गेले होते. ते परत येण्याआधी ताईंच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सगळं उपटून रान सारखं केलं आणि जावयाला सांगितलं, रानडुकरांनी खाल्लं. दाजींनी विश्वास ठेवला. यंदा त्याच अर्ध्या एकरात पुन्हा कंद लावला, भोवती तारा ओढल्या आणि त्यांना विजेचं झटका मशीन बसवलं. आता दिवाळीनंतर तिन्ही एकर काळं रान कंदाखाली आणायचं त्यांनी ठरवलं होतं. बेण्यासाठी सोमवारी तमिळनाडूत सेलमला फोन करणार होते.

"मी सांगितलं तर अण्णा खोटे पडतात," ताई म्हणाल्या. "इकडं बाप, तिकडं नवरा. तू परका हायस. सोमवारच्या आत तू सांग."

मी "बरं" म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच शब्दाने सुरू झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी मला रान दाखवलं. मागे धरणाचं पाणी चमकत होतं. कंदाची झाडं मला कमरेला लागत होती. पानं हाताच्या पंजासारखी, आणि त्यातली निम्मी पिवळी. पाऊल टाकलं की चिखल चप्पल धरून ठेवायचा. पाऊलवाटेवरून एक आजी चालल्या होत्या.

"मावशी, कसं हाय पीक?" दाजींनी विचारलं.

"एक नंबर, जावईबापू!" आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पावलं भराभर उचलली.

"बघ," दाजी मला म्हणाले. "यंदा डुकराची काय टाप हाय. तुला कसं वाटतं?"

मी चिखलातून चप्पल काढली. "लई भारी," मी म्हणालो. परका म्हणून मला नेमलं होतं, आणि पहिल्याच परीक्षेत मी गावकरी झालो.

जावयाचा मान आमच्याकडे सगळीकडेच असतो, पण इथे एकाच घराचा जावई अख्ख्या गावाने वाटून घेतला होता. चहाच्या टपरीवर पहिला कप त्यांना. धोंड्याच्या महिन्यात (अधिक मासात, जावयाला जेवू घालायचा महिना) तीस घरांनी जेवायला बोलावलं आणि दाजींनी एकालाही नाही म्हटलं नाही. त्यानंतर आठ दिवस त्यांनी फक्त ताक घेतलं, असं अण्णांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

एकादशीला दाजींनी स्वतः स्वयंपाक केला. साबुदाणा मिक्सरवर दळून, पाण्यात घोटून त्याचा मऊ, चिकट गोळा केला. घानाला असाच गोळा बोटाने तोडून रश्शात बुडवून गिळतात. चावायचा नसतो. उपास नसल्यामुळे आम्ही दोघांनी तो येसरबरोबर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) खाल्ला. मी चावला. तो टाळूला चिकटला आणि बराच वेळ मला बोलता आलं नाही. त्या दिवशी खरं न सांगण्याचं निमित्त तरी होतं.

शेती सकाळी, आणि संध्याकाळी फुटबॉल. गावाच्या वर अण्णांचा मुरमाड माळ आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दाजींनी तिथले दगड वेचले, बाभळीच्या लाकडांचे गोलपोस्ट उभे केले आणि क्रिकेट खेळणारी मंडळी फुटबॉलला लावली. अस्लम हा पालीला पंक्चरचं दुकान चालवणारा तिशीचा गडी, त्यांचा मुख्य डिफेंडर. खांदे दारासारखे. दाजी शिट्टी घेऊन बाहेर उभे असले की अस्लमजवळून चेंडू काय, वारासुद्धा जात नसे. पण दाजी खेळायला उतरले आणि चेंडू घेऊन धावत आले की अस्लम बाजूला सरायचा. तोंडाने हळूच "या, बापू, या." गोलकीपर उलट्या दिशेला झेप घ्यायचा.

"आज सात गोल!" घरी येताना दाजी घाम पुसत म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "या पोरांचा डिफेन्स कच्चा हाय रे. चार वर्षं शिकवतोय. माझी चूक असंल."

मला ते ऐकवेना. शनिवारी अण्णा गोठ्यात एकटे दिसले तेव्हा धीर करून मी विचारलं, "अण्णा, दाजींना खरं का नाही सांगत?"

अण्णांनी म्हशीच्या पुढ्यात पेंडी टाकली. "कंद आपल्या गावात बी येतोच की. माळावर लाव म्हणावं. मुरूम हाय, पाणी थांबत न्हाई. पण माळावर चेंडू खेळतेत. चेंडू बंद झाला, शेतीबी बुडाली, मग ते हितं कशाला राहतेत? उद्या उठून देशाला निघाले तर लेक बी जाईल. एकच हाय मला." थोड्या वेळाने म्हणाले, "तू शिकलेला हायस. तूच सांग, कसं सांगायचं?"

शिकलेल्या माणसाने म्हशीकडे बघत मान हलवली.

रविवारी माळावर एक गडी कमी पडला. दाजी म्हणाले, "तू उभा राहा डिफेन्सला." मी फुटबॉल कधी खेळलो नव्हतो. अस्लमने त्याचे बूट दिले, ते मला दोन बोटं मोठे. अण्णा नेहमीप्रमाणे कडेच्या दगडावर बसले होते. मुरूम सकाळच्या पावसाने ओला होता.

दाजी चेंडू घेऊन निघाले. अस्लम सरला. "या, बापू." आता मधे मीच होतो. रीत मला माहीत होती. सरायचं मीही ठरवलं होतं. पण मी डावीकडे वळलो आणि बूट सरळच गेले. दोन्ही पाय पुढे, पाठ जमिनीवर, असा मी घसरत गेलो. दाजी माझ्यावरून उडाले आणि तोंडावर पडले.

अण्णा दगडावरून उठले.

"अबे," अस्लम हळूच म्हणाला, "जावयाला पाडलं याने."

दाजी पालथे पडले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते रडत आहेत असं मला वाटलं. मग ते उताणे झाले. सगळं तोंड चिखलाने भरलेलं, आणि ते हसत होते.

"फाउल!" ते ओरडले. "चार वर्षांत पहिला फाउल! माझा काका मला असाच पाडायचा रे." त्यांनी मलाच हात देऊन उठवलं. मग अस्लमकडे बघून म्हणाले, "तू कावून न्हाई पाडत बे?"

"जावयाला पाडू का, बापू? गावात तोंड दाखवायला नको?"

दाजींचं हसू हळूहळू कमी झालं. "मग ते सात गोल?"

गोलकीपर बाभळीच्या लाकडाचा काटा काढत बसला. ती शांतता मला सहन झाली नाही. मी आठवडाभर जमवून ठेवलेली सगळी नम्र वाक्यं विसरलो आणि तोंडातून निघालं, "दाजी, रानडुकरंपण नव्हती."

मग पुढचंही सांगावं लागलं. कुजलेले कंद, पिवळी पानं, अण्णांचा मुरूम. लेक दूर जाईल ही भीती तेवढी मी सांगितली नाही, ती सांगायचा अधिकार माझा नव्हता. दाजी अण्णांकडे बघत राहिले. अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि माळ उतरून घरी गेले.

घरी कुणी कुणाशी बोललं नाही. सोमवारी ताई परत यायच्या होत्या, म्हणजे माझी मुदत संपली होती. दाजींनी मला फाट्यावर सोडलं. "सेलमला फोन न्हाई केला," एवढंच म्हणाले. अण्णा निरोपाला आले नाहीत.

येताना घाट चढला तरी मी वही उघडली नाही. कुणाच्या घरात आठ दिवस जेवून त्या घरातल्या दोघांचं बोलणं बंद करून आलो, असं प्रवासाचं फलित होतं. मनात आलं, आमच्या घरी मी तरी वेगळा कोण आहे? आईवडील ऊसतोडीला जातात. मी सुट्टीत गेलो की पहिली गरम भाकरी मला. सगळं ब्येस हाय, म्हणतात. गेल्या हंगामात मोळी घेऊन ट्रकवर चढताना आईचा हात मोडला, ते मला परीक्षा संपल्यावर, तेही चुलत भावाकडून कळलं. अंबाजोगाईला उतरलो आणि स्टँडवरूनच आईला फोन लावला. "हात कसा हाय? खरं सांग." आधी म्हणाली, "ब्येस हाय." मग म्हणाली, "थंडीत दुखतो." त्यावर मला काही उपाय सुचला नाही, पण फोन लवकर ठेवलाही नाही.

पालीकडून मात्र काही कळेना. ताईंना फोन करायचं धाडस होत नव्हतं. सरांनी विचारलं, "काय, इंग्रजी सुधारलं का?" मी नाही म्हणालो. हेही मी पहिल्यांदाच खरं सांगितलं.

दहाव्या दिवशी दाजींचा फोन आला.

"अण्णांनी आज मला शिव्या घातल्या," ते म्हणाले.

"माफ करा, दाजी, माझ्यामुळं..."

"अरे, ऐक तर! काळ्या रानातनं सुरू झाले, ते पार घरापर्यंत. एवढं शिकून माती कळत न्हाई का म्हणले. मग मीबी म्हणलो, डुकरं कुणी आणली? मग हसले. म्हणले, आता देशाला निघून जाशील. मी म्हणलो, जाऊ कशाला, मुरूम हितं हाय." दाजी श्वास घ्यायला थांबले. "माळावर दोरी मारली आज. अर्धा कंदाला, अर्धा चेंडूला. आता सात-सात गडीच खेळतील. अन् अस्लमनं काल मला दोनदा पाडलं. गुडघा लई सुजलाय."

एवढ्या आनंदाने सुजलेल्या गुडघ्याबद्दल बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. मागून अण्णांचा आवाज आला. ते तेल चोळत असावेत.

"फोन ठेव आधी अन् पाय सरळ कर. झेपत न्हाई तर खेळतो कावून?"