पडीक ठेवलेली ओळ

पैसे गुंतवायला आलेल्या माणसाला पोस्टाच्या बाई आधी शेताविषयी विचारायच्या. "यंदा काय पेरलंय?" समोरचा सांगायचा, कापूस, मधे तुरीची तासं, खायापुरती ज्वारी. "मग सगळ्या रानात कापूसच का न्हाई लावला? भाव तर त्यालाच हाय." माणूस हसायचा. "रानात बरं कळतं तुमाला," बाई म्हणायच्या, "पैशाचं आलं की एकच पीक!"

बोरीत त्या अल्पबचतीच्या एजंट होत्या. पुढे म्युच्युअल फंडाचं कामही शिकल्या. मी तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत त्या रेक्झिनची पिशवी घेऊन आमच्याकडे यायच्या. चहा अर्धाच घ्यायच्या. "उरलेला पुढच्या घरी," असं म्हणत.

प्रत्येकाला त्या हिरव्या शाईनं चार ओळींची चिठ्ठी लिहून द्यायच्या. ज्वारी म्हणजे पोस्टातली आणि बँकेतली ठेव. वाढ थोडी, पण घरात दाणे राहणार. तूर म्हणजे थोडं सोनं. कापूस म्हणजे फंड. त्याचा भाव चढेल तसा पडेलही, म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे तिथं. चौथी ओळ पडीक. तिच्यापुढे रक्कम असायची, ठिकाणाची जागा कोरी. "दवाखाना सांगून येत न्हाई. हे हाताशी राहू द्या. यातून कमवायचं न्हाई."

एका तरुण शिक्षकाच्या चिठ्ठीत त्यांनी कापूस जास्त लिहिला होता. फंड चांगलाच वाढला तेव्हा त्यांनीच त्याला वाढीव रक्कम काढून ठेवीत टाकायला लावली. तो चिडला. "बाई, उभं पीक कापायला लावता राव तुम्ही." बाई म्हणाल्या, "वेचणीला आलंय म्हणून वेचायला लावते." पुढच्या वर्षी बाजार पडला आणि तो पेढे घेऊन आला. बाईंनी पेढा घेतला नाही. "अंदाज न्हवता माझा. ठरलेला हिस्सा होता. चढलाच असता तर शिव्या दिल्या असत्या का न्हाई?"

मी निवृत्त झालो तेव्हा बाईंनी माझी चिठ्ठी लिहिली. ज्वारी निम्म्याहून जास्त. त्याच सुमारास माझ्या साडूनं तालुक्याच्या गावी पतसंस्था काढली होती आणि मला संचालक केलं होतं. व्याज बँकेच्या जवळजवळ दीडपट. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, जास्तीचं व्याज म्हणजे आपण अंगावर घेतलेल्या धोक्याची मजुरी असती. धोका कुठं हाय ते सांगितलं का त्यांनी?"

मला ते विचारायचं सुचलं नव्हतं. उलट राग आला. फंडाची जेमतेम एक परीक्षा दिलेली बाई मला शिकवणार? मी सगळीच्या सगळी रक्कम पतसंस्थेत ठेवली.

आता जे आजवर लपवलं ते लिहितो. संस्थेला ठेवी हव्या होत्या. मी शाळेत गेलो की सगळे एकच विचारायचे, "बाई काय म्हणतात?" एके दिवशी मी माझी चिठ्ठी काढली आणि पडीकच्या कोऱ्या जागेत पतसंस्थेचं नाव लिहिलं. तपासणीचं पेन खिशात होतं, त्यात हिरवीच शाई होती. मग ती चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. म्हणालो, "बघा, बाईंनीच सुचवलंय."

तीन शिक्षकांनी पैसे ठेवले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमननं पूर्वी केलेल्या ऊसतोडीच्या सहा हंगामांची शिल्लक ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. हिरवी शाई तेवढी ओळखीची होती. माझी ती चिठ्ठीच तिनं मागून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली.

दोन वर्षांत संस्थेला कुलूप लागलं. लोक बाईंच्या अंगणात जमले. मीही मागे उभा होतो. सुमननं चिठ्ठी त्यांच्या अंगावर फेकली. "तुमच्या शाईवर इस्वास ठिवला, बाई. पोरीचं लगीन मोडलं माझ्या."

बाईंनी चिठ्ठी उचलली, चष्मा लावून वाचली. "चौथ्या ओळीतलं हे नाव मी न्हाई लिवलं," त्या म्हणाल्या. कुणीतरी हसलं. बाईंनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर त्यांनी शाळेच्या दाखल्यांवर किती वेळा पाहिलं होतं. "ज्यानं लिवलं, त्यानं सांगावं."

मी सांगितलं नाही. मी नावापुरता संचालक, त्यात माझेही पैसे बुडाले होते, म्हणून गावानं मला बिचारा ठरवलं आणि मी बिचारा होऊन राहिलो. बाईंकडे जाणं लोकांनी सोडलं. वर्षभरात त्या लेकीकडे मानवतला निघून गेल्या. बाकीच्यांनी त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे ठेवलेले पैसे मात्र आजही जागच्या जागी आहेत. त्यातला कुणीही त्यांची बाजू घेऊन बोलला नाही, पण बोलायला हवं होतं ते मी.

बारा वर्षांनी, गेल्या महिन्यात, मानवतला गेलो. बाई आता काठी घेऊन चालतात. मी सगळं कबूल केलं. म्हणालो, लिहून छापणार आहे. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "पेन्शनीतलं पडीक किती ठिवलं?" मी आकडा सांगितला. "बरं हाय." आणि मी उठलो तेव्हा, "छापा. पण आधी सुमनला वाचून दाखवा. तिला छापलेलं वाचता येत न्हाई."

परवा बोरीला जाऊन सुमनच्या ओसरीवर बसलो आणि इथवरचं सगळं वाचलं. तिचे पैसे मी पेन्शनीतून दर महिन्याला फेडणार आहे, तेही सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाई गाव सोडून निघाल्या तवा माझ्या दारावरून गेल्या," ती म्हणाली. "पाणी मागितलं. मी दार लावून घेतलं, सर."

मग ती उठली. तांब्या घासला, पिशवीत घातला, पायात चपला सरकवल्या.

"मानवतची गाडी किती वाजता हाय?"