शेजारच्या ताटाकडे लक्ष

सततच्या मीटिंगांना वैतागून मी इंग्लंडमधल्या श्रूजबरीहून गाडी काढली आणि वीकएंडला एका ख्रिस्ती मठात राहायला गेलो. तिथल्या जेवणाचे नियम थेट मध्ययुगातले. जेवताना बोलायचं नाही, आपलं आपण वाढून घ्यायचं नाही. शेजाऱ्याच्या ताटावर लक्ष ठेवायचं आणि त्याने मागायच्या आत वाढायचं.

टेबलाच्या टोकाला, भिंतीला लागून, एक म्हातारे साधू बसले होते आणि त्यांच्या शेजारी मी. काळा झगा, कानात हिअरिंग एड, नजर माझ्या ताटावर. ताट रिकामं दिसलं की ते मान तिरकी करून हसायचे आणि उकडलेला बटाटा वाढायचे. ताटात काही टाकायचं नाही, हे आईने धपाटे घालून शिकवलेलं, म्हणून मी संपवायचो. संपलं की ते वाढायचे. घरी निदान 'पुरे' म्हणता येतं. शेवटी मी ताटावर आडवा हात धरला, तर त्यांनी हळूच तो हात उलटा केला आणि त्यावर पाव ठेवला.

जेवणानंतर अंगणात बोलायला परवानगी होती. मी पट्टा सैल करून बाकावर बसलो होतो. ते काठी टेकत आले आणि काळजीने म्हणाले, "पोट भरलं ना? तुझ्यावर मागायची वेळ आली असती, तर चूक माझी ठरली असती."

"गळ्यापर्यंत भरलं, फादर," मी म्हणालो आणि आपल्या सवयीने विचारलं, "तुम्ही जेवलात ना?"

"नाही," ते प्रसन्नपणे म्हणाले. "माझा शेजारी तूच होतास."